‘ईआर’मधलं खरं आजारपण

‘ईआर’ या अमेरिकी मालिकेचं कौतुक होतं ते तिच्या वैद्यकीय अस्सलपणासाठी. वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या मायकेल क्रायटन यांनी ती निर्माण केली आणि १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षं ती शिकागोतल्या एका काल्पनिक सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घडत राहिली. डॉक्टरांच्या घरची रडगाणी मात्र टीआरपीसाठीचा मसाला, असं अनेकांना वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या अभ्यासात ‘ईआर’सह तीन कार्यक्रमांतले सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून जीव वाचवण्याचे, प्रसंग तपासले गेले, तेव्हा पडद्यावरचे ७५ टक्के रुग्ण त्या वेळेपुरते तरी वाचलेले आढळले. प्रत्यक्षात हे प्रमाण बरंच कमी असतं. म्हणजे मालिकेची खोटी आशा रुग्णांच्या खाटेपाशी होती. आजार म्हणजे काय, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं ते डॉक्टर-नर्सांकडे आणि त्यांच्या नातलगांकडे पाहून.

नर्स ॲबी लॉकहार्टची आई मॅगी घ्या. सॅली फील्ड यांना या भूमिकेसाठी २००१चा एमी मिळाला. मॅगीला बायपोलर आजार आहे. ती सावरते, गोळ्या सोडते, पुन्हा कोसळते. ॲबीला या दुखण्याची सगळी लक्षणं पाठ आहेत, तरी आई दारात उभी राहिली की तिचं ज्ञान काही कामाला येत नाही. उरतात चीड, माया आणि थकवा. पुढे भावालाही तोच आजार होतो. तातडीच्या विभागातली माणसं रुग्णाला स्थिर करून वरच्या मजल्यावर पाठवतात, पण आईला कुठे पाठवणार? डॉक्टर जॉन कार्टरचंही तसंच, फक्त इथे आजारी तो स्वतःच. २००० साली एका रुग्णाने त्याला भोसकल्यानंतर तो वेदनाशामकांच्या आहारी गेला. सहकाऱ्यांनी त्याला घेरून जाब विचारला आणि व्यसनमुक्ती केंद्राकडे निघालेल्या विमानात त्याच्यासोबत बसला तो पीटर बेंटन, वर्षानुवर्षं त्याला धारेवर धरणारा शिक्षक. श्रीमंत आई-बाप यात कुठेच नव्हते.

एकाच माणसावर इतकी संकटं कोसळतात का, हा आक्षेप रास्त आहे. रोमानो या सर्जनचा हात हेलिकॉप्टरच्या पात्याने तुटतो आणि पुढच्या वर्षी दुसरं हेलिकॉप्टर त्याच्यावर पडून तो मरतो. याचं समर्थन कोण करेल! पण हा दोष अपघातांच्या हव्यासाचा. मॅगीच्या कथेत आदळआपट आहे, तरी तिचं बळ वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या ओझ्यात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०२५च्या ‘द पिट’ या रुग्णालयावरच्याच मालिकेने पंधरा भागांत एकच पाळी दाखवली, डॉक्टरांच्या घरी कॅमेरा जवळपास नेलाच नाही, तरी ती मनाला भिडली. खरंय. मात्र पंधरा तासांत दिसतो तो आघात. गोळ्या का सोडल्या जातात, मुलगी आईचा फोन उचलायला का घाबरते, हे कळायला वर्षं लागतात, आणि ती ‘ईआर’ने दिली. म्हणून ही मालिका पुन्हा पाहणार असाल, तर घरचे प्रसंग वगळू नका. वगळायचंच असेल तर ते हेलिकॉप्टर वगळा.