कर्ज काढून गाडी 'मॉडिफाय' करणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं गणित नेमकं कुठे फसतं?

पनवेलमध्ये गाडीचं वेड काही नवीन नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत या वेडाला रस्तेही तसेच मिळालेत. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे कळंबोलीतूनच सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. विमानतळाभोवती रुंद रस्ते आले, त्या रस्त्यांवर रात्रीचे रील आले आणि रीलमध्ये एमएच-४६ पासिंगच्या गाड्या आल्या.

गाडी बहुतेक वेळा घरचीच असते. कुणाच्या वडिलांनी नोकरीवर घेतलेली, कुणाच्या घरी जमिनीच्या मोबदल्यातून आलेली. पोरगा नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनीतल्या कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतो. गाडी चालवायला मिळते, पण ती 'स्टॉक' आहे हे त्याला खटकतं. मग ईसीयू रिमॅप, मोठा एक्झॉस्ट, कोल्ड एअर इन्टेक, खाली बसवलेलं सस्पेन्शन अशी यादी तयार होते. खर्च सहज पन्नास-साठ हजारांवर जातो आणि घरी मागायची सोय नसते. अशा वेळी फोनवरचं लोन अॅप उपयोगी वाटतं, कारण तिथे वडिलांची सही लागत नाही.

सही लागत नाही, कारण पोरगा १८ वर्षांचा झालेला असतो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही. त्यामुळे अठराच्या आत घेतलेलं कर्ज कोर्टात टिकत नाही. अठरा पूर्ण झाले की मात्र कर्ज पूर्णपणे त्याचं एकट्याचं. वडील सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील तर त्यांच्याकडून ते कायद्याने वसूल करता येत नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या मुलांना स्वतःची कमाई किंवा सहकर्जदार दाखवल्याशिवाय क्रेडिट कार्ड देण्यावर बंधन घातलं. आपल्याकडे वयाची अशी पायरी नाही.

'महिना २ टक्के' म्हणजे नक्की किती?

समजा ६० हजारांचं कर्ज १२ महिन्यांसाठी घेतलं. व्याजदर वर्षाला ३० टक्के, शिल्लक रकमेवर. हप्ता बसतो साधारण ५,८४९ रुपये. वर्षभरात परत जातात ७०,१९१. त्यात ३ टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर २,१२४ रुपये आधीच कापले जातात आणि खात्यात येतात ५७,८७६. म्हणजे हातात आलेल्या पैशांपेक्षा १२,३१५ रुपये जास्त फेडायचे.

हे झालं सरळ हिशेबाचं कर्ज. खरा घोळ होतो फ्लॅट रेटमध्ये. 'महिना फक्त २ टक्के' ऐकलं की वर्षाला २४ टक्के असं डोक्यात येतं. पण फ्लॅट रेटमध्ये व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६० हजारांवर लागत राहतं, जरी निम्मी मुद्दल फेडून झालेली असली तरी. व्याज होतं १४,४०० रुपये, हप्ता होतो ६,२००. शिल्लक रकमेच्या हिशेबाने हा दर वर्षाला ४१ ते ४२ टक्क्यांच्या घरात जातो. चोवीस टक्क्यांचं कर्ज पहिल्या उदाहरणातल्या तीस टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग पडलं, ते असं.

याच गोंधळावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' आणलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात एपीआर, म्हणजे फीसकट वर्षाचा एकूण दर, लिहावाच लागतो. त्याच एका आकड्यावरून दोन कर्जांची तुलना करता येते. शिवाय डिजिटल कर्जात किमान एक दिवसाचा 'कूलिंग ऑफ' काळ असतो. तेवढ्यात विचार बदलला तर मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते. रात्री अकराला कर्ज घेऊन सकाळी पश्चात्ताप झालेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे, पण ती वापरायची तर आधी माहीत असायला हवी.

हौस पोराची, आरसी वडिलांची

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं आणि तिथल्या हायकोर्टाचा उलटा निकाल फिरवला. रंग बदलायचा, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. इंजिनाची ताकद वाढवणारा रिमॅप किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा पाइप यांना मात्र अशी वाटच नाही.

शिक्षा कलम १८२-अ मध्ये आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याहून महत्त्वाचा शब्द आहे 'मालक'. हे कलम गाडीच्या मालकाला लागू होतं. पनवेलच्या गोष्टीत आरसीवर नाव वडिलांचं असतं. म्हणजे कर्ज पोराच्या नावावर आणि गुन्हा बापाच्या नावावर, तोही बऱ्याचदा त्याच्या नकळत.

आवाजाचं प्रकरण वेगळं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० (२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी पाहिलेत. त्यातला एखादा सायलेन्सर हप्त्यावर घेतलेला असेल, तर त्याचा हप्ता रोलर फिरल्यावरही चालूच राहतो.

इन्शुरन्सचंही तसंच. कंपनीला न कळवता केलेला बदल उघड झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. इंजिनाची वॉरंटीही जाऊ शकते. रिमॅप केलेल्या गाडीचा टर्बो गेला, तर दुरुस्तीचा खर्च मूळ कर्जापेक्षा मोठा होऊ शकतो. आणि एवढं करून ताकद वापरायची कुठे? एक्सप्रेस-वेवर मैदानी भागात गाड्यांना मर्यादा ताशी १०० किलोमीटर, अटल सेतूवरही तेवढीच, आणि एक्सप्रेस-वेवर कॅमेऱ्यांची नजर. शंभरचा वेग कुठलीही साधी हॅचबॅक गाठते.

हप्ता चुकला तर पुढे काय?

सहा हजारांचा हप्ता पॉकेटमनीतून जात नाही. पार्टटाइम काम सुटलं, परीक्षा आल्या की पहिला हप्ता चुकतो. १ जानेवारी २०२५ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना क्रेडिट ब्युरोकडे माहिती महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी द्यावी लागते. म्हणजे चूक काही आठवड्यांत रेकॉर्डवर येते.

'सिबिल घेऊन काय करायचंय आत्ता' असं वीस वर्षांच्या मुलाला वाटणं साहजिक आहे. पण बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांपासून चांगल्या क्रेडिट इतिहासाची अट आहे. जून २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टात असंच प्रकरण आलं. क्रेडिट अहवाल खराब असल्याने स्टेट बँकेने एका निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती आणि कोर्टाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. बँकेच्या परीक्षांसाठी क्लास लावलेली मुलं पनवेलमध्ये कमी नाहीत.

अॅपवाल्यांनी नाही म्हटलं की काही जण ओळखीच्या सावकाराकडे जातात. 'दहा टक्क्याने' म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला १२०. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ नुसार सावकाराकडे परवाना लागतो आणि बिगरशेती विनातारण कर्जावर सरकारने ठरवलेली मर्यादा आहे वर्षाला १८ टक्के. याची तक्रार पोलिसांकडे आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात करता येते.

मग पैसे घालायचेच नाहीत का? टायर गुळगुळीत झालेत, ब्रेक पॅड झिजलेत, तर तो खर्च टाळण्यासारखा नाही. पण तो हौसेचा खर्च नाही आणि गाडी घरची असेल तर तो घरच्यांना सांगून मागता येतो. वडिलांना सांगता येत नाही असाच खर्च कर्जावर जातो, हीच त्याची ओळख. वेगाची खाज असेल तर इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी बाहा आणि फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धा आहेत. तिथे सस्पेन्शन आणि इंजिनाशी खेळायला कॉलेजचं वर्कशॉप मिळतं, आणि तो अनुभव नोकरीच्या अर्जात लिहिताही येतो.

ज्यांनी आधीच कर्ज घेतलंय, त्यांनी पहिला हप्ता चुकायच्या आधी कंपनीला लेखी कळवावं आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का ते विचारावं. एक कर्ज फेडायला दुसऱ्या अॅपवरून कर्ज घेऊ नये. वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. अॅपला फोनमधले कॉन्टॅक्ट आणि गॅलरी उघडायची परवानगी नाही. अॅप नोंदणीकृत कंपनीचं आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत तपासता येतं. कंपनीने तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट ऑनलाइन तक्रार करता येते. फोटो मॉर्फ करून धमक्या येत असतील तर थेट १९३० वर फोन करायचा. आणि घरी सांगायचं, गाडीत काय काय बदललंय त्याच्यासकट, कारण इन्शुरन्सचं नूतनीकरण वडिलांच्याच नावाने होणार असतं.