काळी सुरी म्हणजे खराब माल नव्हे

आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. अशा हवेत लोहाराची साधी पोलादी सुरी लवकर तांबडी पडते आणि गिऱ्हाईक ती परत आणते. दुकानदार बंधूंनी सुरी विकण्यापूर्वीच साबणाने धुवावी, नुसते पाते कोमट सिरक्यात अर्धा तास बुडवावे, मग धुऊन, पुसून खोबरेल तेल लावावे. पाते करडे-काळे होते. हा थर गंजाची चाल मंद करतो. पण ओली ठेवली तर सुरी गंजेलच, हेही स्पष्ट सांगावे. हिरडा आणि लोखंडापासून होणारा कलमकारीचा काळा रंग आम्ही कापडवाले खास म्हणून विकतो. मग सुरीच्या काळेपणाला ऐब का समजावे? मालाचा ऐब लपवू नये, तसा कारागिराचा हुनरही लपवू नये.