गोल्डन बूट परदेशी पायातच का? कोरोला शिव्या देऊ नका, आपला हिशोब बघा

पोस्ट जरा मोठी आहे, पण विषय जळगाव-धुळ्याच्या पोरांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

इंडियन सुपर लीग 2014 ला सुरू झाली. 2024-25 पर्यंत अकरा मोसम झाले. सर्वात जास्त गोल करणाऱ्याला मिळणारा गोल्डन बूट या अकरा वर्षांत किती भारतीयांनी नेला? एकानेही नाही. मग फेसबुकवर दरवर्षी तीच बोंब उठते: "हे परदेशी आपल्या पोरांची जागा खातात, बंद करा त्यांना!"

या बोंबेला माझा सरळ विरोध आहे.

फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरोचं उदाहरण घ्या. स्पेनमधल्या जिरोनाजवळच्या खेड्यातला माणूस. एस्पान्योल क्लबकडून खेळला. मे 2006 मध्ये मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, भरपाईच्या वेळेत त्याने गोल मारला आणि क्लब खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला. आयुष्यातला मोठा क्षण तोच. स्पेनच्या मुख्य संघात त्याला कधी जागा मिळाली नाही. पुढे ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का असं करत करत सायप्रसच्या एका छोट्या क्लबात पोचला. 2017 मध्ये एफसी गोवाने त्याला आणलं तेव्हा तो चौतिशीत होता. आपल्याकडे या वयात माणूस "आता गुडघे दुखतात भो" म्हणायला लागतो.

त्याने गोव्यात काय केलं? पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात 14. लीगच्या 57 सामन्यांत 48 गोल. दोनदा गोल्डन बूट. तो गेला तर 2020-21 ला गोव्याने दुसरा स्पॅनिश स्ट्रायकर आणला, बिल्बाओचा इगोर अंगुलो, वय 36. त्यानेही 14 गोल मारून बूट नेला!

म्हणजे मेस्सी-रोनाल्डो सोडाच, स्पेनच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला, उतरणीला लागलेला स्ट्रायकर इथे येऊन राजा होतो. यात त्याचा काय दोष? त्याला साधा पास दिला तरी पाय बरोबर जागेवर पडतो. बचाव करणारा कुठे बघतोय, गोलकीपर कोणत्या पायावर झुकलाय, हे त्याला विचार न करता कळतं. ही जादू नाही आणि रक्तातही नसतं. ही हजारो वेळा गोलसमोर उभं राहिल्याची, आणि हजारो वेळा हुकल्याची कमाई आहे.

"परदेशी कमी करा" हेही करून झालंय. 2021-22 पासून मैदानावर पाचाऐवजी चारच परदेशी ठेवायचा नियम आला. पुढचे बूट कोणी नेले? ओग्बेचे, दिएगो मौरिसियो, दियामान्ताकोस, अजराई. सगळे परदेशीच. आणि आपली अवस्था अशी की जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत, परत बोलवावं लागलं. बरं, त्याने येऊन गोलही केला. छेत्रीला सलाम, पण देशाला लाज वाटायला हवी.

आता आपल्या खान्देशात या.

कोरोच्या भागात दहा-बारा वर्षांची पोरंसुद्धा वयोगटाच्या लीगमध्ये खेळतात. सप्टेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, दर आठवड्याला एक सामना. वर्षाला पंचवीस-तीस सामने धरा. आपल्याकडे काय? शालेय स्पर्धा, तीही बाद पद्धतीने. सोळा संघ आले तर आठ संघांचं वर्ष पहिल्याच सामन्यात संपतं. जिंकणाऱ्यालाही चारच सामने.

मी जिल्ह्यातल्या अशा स्पर्धा बघत आलोय. पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा झालेला असतो. तालुक्याहून पोरं पहाटेच्या एसटीने येतात, तासाभरात हरतात, वडापाव खातात आणि परत जातात. त्यातल्या एखाद्या पोराच्या पायात गोल असतो, तो दिसतो हो! पण पुढचा सामना थेट पुढच्या वर्षी. तोवर तो पोरगा दहावीला जातो आणि विषय संपतो. काही शाळा तर संघ उतरवतात ते वाढीव गुणांवर डोळा ठेवून.

2017 आठवतं? कोरो गोव्यात आला त्याच वर्षी, 15 सप्टेंबरला, राज्यात एकाच दिवशी दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचा सरकारी कार्यक्रम झाला. फोटो झकास आले. माझा प्रश्न एवढाच आहे की 16 सप्टेंबरला कोण खेळलं?

कोणी म्हणेल, "जाऊ दे भो, हाई आपलं काम नही शे. पैसा कोठून आणायचा?" अरे, नाइट टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकाला मोटारसायकली बक्षीस द्यायला पैसा येतो कुठून? मांडव, डीजे, फ्लेक्स कुठून येतात?

माझी मागणी साधी आहे. आठ संघ घ्या. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा, पाचोरा, चाळीसगाव, असे. धुळ्यात धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा यांचे. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. एका पोराला हमखास 14 सामने, हरला तरी! दिवाळी ते होळी, शनिवार-रविवार. ना चिखल, ना पंचेचाळीस डिग्री ऊन. लागतं काय? दोन गोलपोस्ट, एक पंच, चार बॉल, एसटीचं भाडं आणि त्या दिवशी सभेला किंवा प्रदर्शनाला न दिलेलं मैदान.

याने उद्या छेत्री निघेल असं मी म्हणत नाही. पण चौदा सामने खेळलेला पोरगा निदान चौदा वेळा चुकेल आणि पंधराव्याला सुधारेल. आज आपण त्याला चुकायचीसुद्धा संधी देत नाही, आणि वर परदेश्याच्या नावाने बोटं मोडतो.

क्रीडा अधिकारी, आमदार, नगरसेवक, संस्थाचालक, जो ओळखीचा असेल त्याला ही पोस्ट पाठवा आणि एकच विचारा: साहेब, आपल्या तालुक्यातल्या पोराला वर्षात किती सामने मिळतात? जे उत्तर येईल ते खाली कमेंटमध्ये लिहा. आकडा सगळ्यांना दिसू द्या.