बोट विकली जाते, खलाशाची बाकी कुठे जाते?

जून लागला की ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर जुन्या बोटींचा बाजार भरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस बोटी किनाऱ्याला, त्यातल्या बऱ्याच ओढून वर घेतलेल्या. लाकूड उघडं पडलेलं असतं, इंजिन खोलून ठेवलेलं असतं, म्हणजे गिऱ्हाईकाला माल नीट तपासता येतो. विकणाऱ्याला पैशांची निकड असते, कारण सीझन तोट्यात गेलेला असतो. घेणाऱ्याला ऑगस्टच्या आधी डागडुजी उरकायची असते. मध्यस्थ दोघांनाही ओळखत असतो. विसार दिला जातो, स्टॅम्प पेपरवर सह्या होतात आणि बोटीला नवा मालक मिळतो.

या व्यवहारात त्या बोटीवर दहा महिने राबलेला खलाशी कुठेच नसतो. त्याचा वाटा द्यायचा राहिला असेल तर जुना मालक म्हणतो, बोट आता त्याची, त्याला विचार. नवा मालक म्हणतो, मी बोट घेतली आहे, तुझा हिशेब घेतलेला नाही. खलाशी तोवर गावाला निघालेला असतो. पालघरला, रत्नागिरीला, नाहीतर थेट उत्तर प्रदेश, झारखंड, नेपाळला. त्याची बाकी या दोघांच्या मधल्या पाण्यात बुडते. हे लोकांना इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी फसवणूक म्हणतच नाही.

आधी बोटीची किंमत कशी ठरते ते पाहू. जुनी बोट ही एक वस्तू नसते. सांगाडा वेगळा, इंजिन वेगळं, विंच, जीपीएस, वायरलेस, मासे शोधायचं यंत्र, नांगर, दोर, जाळी असं सगळं वेगवेगळं मोजलं जातं. जाळी आणि दोर नवे घेताना किलोवर घेतात, जुने विकतानाही वजनाचाच हिशेब असतो, आणि अगदीच फाटलं की भंगारवाला आहेच. या सगळ्यापेक्षा मोलाचा असतो तो कागद. राज्याने २०१६ पासून पर्ससीनवर निर्बंध घातले, सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दंड वाढवले. परवाना सहज मिळेनासा झाला की परवान्यालाच किंमत येते. लाकूड कुजलेलं असलं तरी कागद जिवंत असेल तर गिऱ्हाईक मिळतं.

आणि सरकारच्या लेखी बोटीची किंमत काय? २०१५ ते २०२० या काळातल्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या बोटीसाठी ९,६०० रुपये होते आणि पूर्ण नष्ट झालेल्या जाळ्यासाठी २,६००. पुढच्या निकषांत बोटीचे १५,००० झाले. दुसरीकडे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातल्या एका बोटीचा खर्च १ कोटी २० लाख धरलेला आहे. म्हणजे बोट बुडाली तर १५ हजार आणि बांधायची तर सव्वा कोटीच्या घरात. मधली सगळी रक्कम मच्छीमाराने कुठून तरी उभी करायची. ती तो जिथून उभी करतो तिथेच मालकी सरकते.

त्या जागेचं नाव दलाल. सीझनच्या तोंडावर डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल यासाठी दलाल पैसे देतो. व्याज कित्येकदा नावालाही नसतं. अट एकच, मासळी माझ्याकडेच घालायची. लिलाव तोच लावणार, कमिशन तोच कापणार, वजनही त्याच्याच माणसाचं. दोन-तीन सीझन वाईट गेले की कर्ज बोटीच्या किमतीला भिडतं आणि मग एका जुलैत बोट ‘विकली’ जाते. खरं तर ती आधीच गेलेली असते, कागदाने फक्त तिच्या मागून जायचं असतं. कधी कधी कागद जातही नाही. नोंदणीवर नाव जुन्या कोळी मालकाचंच राहतं, कारण डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार संस्थेमार्फत त्याच्याच नावावर येतो. नाव कोळ्याचं, पैसा दुसऱ्याचा. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून हल्लेखोर मुंबईत आले, त्यानंतर बोटींची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रं यांचा मोठा गाजावाजा झाला. समुद्रात कोण जातंय हे सरकारला कळायला हवं होतं. बोट कुणाच्या पैशावर चालते हे कळून घ्यायची गरज मात्र कुणाला वाटली नाही.

कोकणातून मुंबईला आलेल्या आपल्या माणसांना ही व्यवस्था अनोळखी वाटू नये. खोत सरकार आणि कूळ यांच्या मधे बसायचा आणि पिकावर पहिला हात त्याचा पडायचा. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षामागे उभा राहिलेला कुळवर्ग एका जातीचा नव्हता, त्यात महार होते तसे कुणबीही होते. दलाल हा समुद्रावरचा खोत आहे असं मी म्हणते ते उपमेच्या हौसेने म्हणत नाही. उत्पादनावर ज्याचा पहिला हात, तोच साधनांचा खरा मालक, कागदावर नाव कुणाचंही असो. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये बाबासाहेब जमिनीच्या प्रश्नावर थांबत नाहीत. जमीन कसणाऱ्यांना पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं हेही राज्यानेच पुरवावं असं ते मांडतात. कसायला जमीन मिळाली आणि नांगर सावकाराचा राहिला तर काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समुद्र तर कुणाच्याच मालकीचा नाही. तिथे सगळी मालकी नांगराची, म्हणजे बोटीची आणि जाळ्याची.

काही मित्र म्हणतील, कोळी समाजाच्या प्रश्नात आपण कशाला पडायचं? वरळीच्या बीडीडी चाळीतून वरळी कोळीवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि चैत्यभूमीच्या वाळूवर उभं राहिलं की समोर तोच समुद्र दिसतो. कोळी समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो. मध्यमवर्गीय मुंबईने त्याला लग्नाच्या वरातीतलं गाणं आणि नारळी पौर्णिमेचा फोटो करून ठेवलंय. कोस्टल रोडच्या वेळी वरळीच्या मच्छीमारांनी पुलाच्या दोन खांबांमध्ये १६० मीटर अंतर मागितलं. आराखड्यात ६० मीटर होतं, मिळालं १२० मीटर, तेही २०२२ चा डिसेंबर उजाडल्यावर. बोट जाण्याइतकी वाट मिळवायला ज्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागतं त्यांना मालकवर्ग म्हणणं हा विनोद आहे. छोट्या नाखव्याला शत्रू ठरवायला मी हे लिहीत नाही.

पण कोळीवाड्याच्या आतली उतरंडही झाकून ठेवता येत नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकताना विजया पुणेकरांचं ‘द सोन कोळीज ऑफ बॉम्बे’ (१९५९) हे पुस्तक सोन कोळ्यांवरचं मूळ पुस्तक म्हणून हाती पडतं. तेव्हापासून धक्क्यावरची रचना पार बदलली आहे. पूर्वी बोटीवर भाऊ, मेहुणा, पुतण्या असायचे, वाटा घरातच फिरायचा. आज मोठ्या ट्रॉलरवर तांडेल सोडला तर बाकीचे बहुतेक परजिल्ह्यातले, परराज्यातले मजूर. त्यात आदिवासी आहेत, दलित आहेत, भूमिहीन अतिमागास आहेत. ससून डॉकवर कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांत सोलापूर-कलबुर्गीकडून आलेल्या बंजारा बायका आहेत. बोट विकली गेली की नाखव्याच्या हातात निदान काही रक्कम येते. या लोकांच्या हातात येतो तो पुढच्या मालकाचा फोन नंबर, तोही आला तर. नाखव्याच्या घरच्या बाईचं तरी काय? तिने मासळी विकून, गळ्यातलं गहाण टाकून इंजिन आणलेलं असतं, पण विक्रीच्या कागदावर तिची सही साक्षीदार म्हणूनही नसते.

आता मुख्य मुद्दा. खलाशाची बाकी बोटीबरोबर बुडते हा रिवाज आहे, कायदा नाही. कायदा याच्या नेमका उलट आहे. संसदेने २०१७ मध्ये नौअधिकरण कायदा केला, तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे बोटीवर काम करणाऱ्यांचं थकलेलं वेतन हा त्या बोटीवरचाच बोजा असतो आणि अशा बोजांच्या क्रमात वेतनाचा नंबर पहिला लागतो. मालक बदलला तरी हा बोजा उतरत नाही, तो बोटीबरोबर नव्या मालकाकडे जातो. वेतन थकल्यापासून दोन वर्षं तो जिवंत राहतो आणि वसुलीसाठी उच्च न्यायालय बोट अडकवून ठेवू शकतं. या कायद्यातली ‘व्हेसल’ची व्याख्या एवढी रुंद आहे की तिच्यात साधी बोटही बसते. परदेशी जहाजांचे खलाशी, त्यांच्या संघटना, बंदराला इंधन पुरवणाऱ्या कंपन्या अशा कायद्यांचा आधार घेऊन जहाजं अडकवत आल्या आहेत. ज्या उच्च न्यायालयात हे होतं ते भाऊच्या धक्क्यापासून टॅक्सीने थोड्या अंतरावर आहे. मासेमारी बोटीवरच्या खलाशाला तिथे जाता येतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

खलाशाला पगार नसतो, वाटा असतो, म्हणून ते वेतन नव्हे, असा युक्तिवाद मालकांचे वकील करतील. करू देत. डिझेल, बर्फ, रेशन कापून उरलेल्यातला हिस्सा हाच जर त्याच्या श्रमाचा एकमेव मोबदला असेल तर त्याला वेतन म्हणायचं नाही तर काय भेट म्हणायचं?

आणि उलट दिशेचं येणं मात्र बरोबर लक्षात ठेवलं जातं. दोन वर्षांपूर्वी एका विक्रीचा हाताने लिहिलेला कागद मी पाहिला होता. इंजिन, विंच, जाळी, दोन नांगर, आणि त्याच यादीत शेवटची ओळ खलाशांच्या उचलीची. म्हणजे ज्यांनी पुढच्या सीझनसाठी आगाऊ पैसे घेतले होते त्यांचं देणं नव्या मालकाला सामानासकट विकलेलं होतं. ते खलाशी आता त्याच्याकडेच कामाला जाणार, दुसरीकडे जायचं म्हटलं तर आधी उचल फेड. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा याला काय म्हणतो? उचल घेतली म्हणून दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य गमवावं लागणं ही त्या कायद्याच्या व्याख्येतली वेठबिगारीच आहे, आणि असं कर्ज फेडण्याची जबाबदारी तो कायदा संपवतो. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ बंद केलेली आहे. लालबाग-परळच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. १९८२ च्या संपानंतर साचे भंगारात निघाले, जमिनी विकल्या गेल्या, आणि कामगार स्वतःची देणी मागत वर्षानुवर्षं दारोदार फिरले. तिथे निदान हजेरीपट होता, युनियन होती. बोटीवर एक वही असते आणि ती मालकाच्या घरी असते.

सरकार म्हणेल, आम्ही अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान देतो. देतात, मत्स्य संपदा योजनेत तशी तरतूद आहे. १ कोटी २० लाखांवर ६० टक्के म्हणजे ७२ लाख. उरलेले ४८ लाख खलाशाने कुठून आणायचे? बँक तारण मागते, आणि किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना लागू झालं असलं तरी त्याने सीझनचा खर्च भागेल, बोट येणार नाही. मग पैसेवाला पुढे होतो आणि म्हणतो, नाव तुझं लाव, बाकी मी बघतो. आपल्या नावावर दुसऱ्याचे पेट्रोलपंप आणि गॅस एजन्सी कशा चालतात हे आपण पाहिलेलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माझगाव डॉकवर केंद्रीय सहकार मंत्र्यांच्या हस्ते सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या बोटी दिल्या गेल्या. व्यक्तीऐवजी संस्थेला बोट देणं हे मला पटतं. पण संस्थेत सभासद कोण? दहा-दहा वर्षं त्याच धक्क्यावर राबलेला खलाशी सभासद होऊ शकतो का? राज्याच्या सहकार कायद्याचं कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे, सबळ कारणाशिवाय कुणाला नाकारता येत नाही. किती मच्छीमार संस्थांनी खलाशांचे अर्ज घेतले, हे मत्स्यव्यवसाय विभागाने जाहीर करावं.

याच विभागाच्या हातात आणखी एक सोपी गोष्ट आहे. बोट नव्या नावावर करण्याच्या अर्जाला ‘खलाशांची बाकी नाही’ असा दाखला जोडायला लावावा आणि विक्रीची नोटीस पंधरा दिवस आधी धक्क्यावर, मराठी आणि हिंदीत, लावावी. कर्ज फिटेपर्यंत संस्थेच्या किंवा बँकेच्या ना-हरकत दाखल्याशिवाय बोट विकता येत नाही, मग खलाशाचं येणं त्याहून कमी का? यामुळे कोळी मालक अडचणीत येतील अशी भीती मला काहींनी बोलून दाखवली. येतील थोडे. पण बेनामी पैसा लावणारे त्याहून जास्त अडचणीत येतील, कारण हिशेबाला बसल्यावर खरा मालक कोण हे खलाशीच सांगतील.

शासन निर्णय निघेल तेव्हा निघेल. जे कार्यकर्ते यंदा जून-जुलैत धक्क्यावर जाणार आहेत त्यांनी एवढं करावं. खलाशाला त्याच्या हिशेबाच्या वहीचं पान, उचलीची चिठ्ठी आणि बोटीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना रंगवलेला ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवायला सांगा. शेवटची फेरी कोणत्या तारखेला संपली ते लिहून घ्या, कारण दोन वर्षांची मुदत त्यावरून मोजली जाईल. बरोबरच्या दोन खलाशांचे गावाकडचे पत्ते घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि वेठबिगारीच्या बळीला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. अर्ज मराठीत चालतो.