रुग्णाला समजेल त्या भाषेत विचारा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि बीदर-गुलबर्ग्यासह हा सारा मुलूख मोकळा झाला. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना हाच दिवस 'जागतिक रुग्ण सुरक्षा दिन' म्हणून पाळते. ध्वजवंदन आपण न चुकता करतो. या दुसऱ्या निमित्ताचाही सीमाभागातील मराठी माणसाने विचार करावा.

उपचार घेताना दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाला इजा होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते, असे ही संघटना सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच कल्याण कर्नाटकातील बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियन झालेल्या पाच माता दगावल्या. संशय सलाईनवर आला, राज्याचे औषध नियंत्रक निलंबित झाले. सलाईन तपासणे हे सरकारचेच काम. तेथे रुग्ण काय करणार? पण वेळीच विचारले-सांगितले तर टळतील अशा चुकाही पुष्कळ असतात.

अडचण येते ती इथेच. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदकडची म्हातारी माणसे मराठीखेरीज फारसे बोलत नाहीत. डॉक्टर दूरच्या जिल्ह्यातून आलेले, नर्सबाई घाईत. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते का, सकाळपासून काही खाल्ले का, हे मोडक्या हिंदीत विचारले जाते आणि आजी नुसती मान हलवते. संमतीपत्रावर अंगठा उठतो, पण मजकूर कोणी वाचून दाखवत नाही.

हा कन्नडविरोध नव्हे. कन्नड ही राज्यभाषा आहे, तिचा मान आहेच. पण जेथे एखादी भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले धोरण आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार तक्रार अर्ज राज्यात वापरात असलेल्या भाषेत देता येतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत संमतीपत्र आणि औषधांच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही असाव्यात, मराठी जाणणारा एक मदतनीस असावा. आणि बांधवांनो, तोवर आपणही एक करा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला एकटे दवाखान्यात पाठवू नका. चालू औषधांची चिठ्ठी खिशात ठेवा. सुई टोचण्याआधी "हे कशाचे?" असे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.