'फोल्क्सलीड'मधले लोक कोण?

आम्ही 'लोकगीत' हा शब्द सहज वापरतो, पण त्याचा साचा जर्मन 'फोल्क्सलीड'चा आहे. 'फोल्क' म्हणजे लोक, 'लीड' म्हणजे गीत. हा शब्द हेर्डर याने १७७३ साली, बिशप पर्सीच्या संग्रहातील इंग्रजी संज्ञेच्या आधारे रूढ केला. पुढे १७७९च्या प्रस्तावनेत मात्र त्याने गल्लीतल्या जमावाला या 'लोकां'तून वगळले. त्या गल्लीतील गाण्याला सोळाव्या शतकापासून 'गास्सेनहाउअर' हे नाव होतेच. 'गास्से' म्हणजे गल्ली. रस्त्यावर भटकणाऱ्याचे नाव त्याच्या गाण्याला लाभले. संग्राहकाने दिलेली संज्ञा प्रतिष्ठित ठरली, रस्त्यावरची हिणकस. आपल्याकडेही जात्यावरची बाई ओवीच गात होती. 'लोकगीत' हे नाव अभ्यासकांचे. वर्गात व्युत्पत्ती सांगताना ती संज्ञा कोणाला बाहेर ठेवते, हेही सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.