परतलेल्याला वाटा हवा

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि त्याचा हादरा कोकण किनाऱ्यालाही बसला. भाट्ये, राजिवडा या खाडीकाठच्या वस्त्यांपासून तालुक्यातल्या गावागावांत आखातातून येणाऱ्या ड्राफ्टवर चूल पेटणारी घरे होती. कुवेतमधले भारतीय बगदादमार्गे अम्मानला पोहोचले. तिथून एअर इंडियाने 59 दिवसांत 488 उड्डाणे करून एक लाखाहून अधिक माणसे मुंबईत आणली. या विक्रमाचे कौतुक आजही होते. विमान उतरल्यावर पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

परतलेल्याजवळ पासपोर्ट होता, पण ओळख मागेच राहिली होती. तिथला फोरमन, ड्रायव्हर किंवा दुकानदार इथे नुसता ‘कुवेतहून आलेला’ झाला. सुट्टीत येणारा बाप आता रोज घरात दिसू लागला. मुलांना त्याची सवय नव्हती आणि त्याला गावाची. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ठरावीक भरपाई दिली. पण गेलेला मान अर्ज भरून मिळत नाही. फेब्रुवारी 1991 मध्ये कुवेत मुक्त झाल्यावर अनेकांनी पुन्हा तीच वाट धरली. त्यामागे पैशाची ओढ होतीच. गावात आपली जागा न सापडणे हेही एक कारण असावे.

रमजानला या विषयाची जुनी आठवण आहे. मक्केतून हिजरत करावी लागलेले मुहम्मद पैगंबर (स.) हिजरी सन 8 च्या रमजानमध्ये विजयी होऊन मक्केत आले. ज्यांनी छळले, त्यांना त्यांनी माफ केले. गेलेल्या घरावर हक्क सांगितला नाही, तंबूत मुक्काम केला आणि मदीनेलाच परत गेले. कारण तिथल्या अन्सारांनी निर्वासितांना भाऊ मानून आपल्या मिळकतीत वाटा देऊ केला होता. माणूस जन्मतो तेवढ्याने गाव त्याचे होत नाही; गाव त्याला सामावून घेते तेव्हा ते त्याचे होते.

आपली माणसे आजही आखातात आहेत. तिकडे युद्धाचे ढग जमले की इथल्या घरांत रात्रभर फोन सुरू राहतात. उद्या कोणी रिकाम्या हाताने परतला, तर ‘किती आणलंस?’ असे विचारू नये. ‘तुला काय येतं?’ असे विचारावे. तो वेल्डर असेल, एसी मेकॅनिक असेल, हिशेबनीस असेल. जमातीने, पतसंस्थेने, ग्रामपंचायतीने त्या हुन्नराला काम द्यावे. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, पहिले काम त्यानेच सांगावे. इफ्तारला एक खजूर वाटून खाणे सोपे आहे. रोजगारात वाटा देणे अवघड. रमजान दुसऱ्याचीच तालीम देतो.